हे कातडं कुणाचं?

आमच्या घरात खुंटीला एक जुनी चामडी पिशवी लटकलेली असायची. आजोबांची. ते एका लहानशा संस्थानात कारकून होते. ही पिशवी त्यांना राजेसाहेबांनी दिली, आणि ती हरणाच्या कातड्याची आहे, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. पाहुणे आले की अब्बा ती खाली काढत, फडक्यानं पुसत आणि सगळी हकिकत सांगत.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना पिशवीचा पट्टा तुटला. अब्बांनी मला गावाबाहेर ढोरवाड्यात तात्यांकडे पाठवलं. तात्या कातडी कमावायचे. पूर्वी मोटा आणि पखाली शिवायचे, त्यामुळे शिवणीतही त्यांचा हात चांगला होता. बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातली कातडी तिकडेच जात, म्हणून ती वाट माझ्या पायाखालची होती. चुन्याचे हौद, हिरड्याचा आणि बाभळीच्या सालीचा तपकिरी काढा, नाकात जाणारा वास. तात्यांनी पिशवी हातात घेतली, उन्हात तिरकी धरली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पोरा, हे बोकडाचं हाय."

मी म्हटलं, "नाही तात्या, हरणाचं आहे. राजेसाहेबांनी दिलंय."

"राजानं दिलं म्हणून बोकडाचं हरीण होत न्हाई. ह्या रांगा बघ."

मला रांगा दिसल्या नाहीत. घरी येऊन मी अब्बांना सांगितलं. "तात्या चुकला असेल," एवढंच ते म्हणाले. पुढेही ते पाहुण्यांना पिशवी दाखवत राहिले. फक्त 'हरणाची' हा शब्द उच्चारताना माझ्याकडे पाहत नसत.

पुढे मी कवितेच्या नादी लागलो. बी.ए.ला इतिहासाचे दोन-चार पेपर दिले, त्याहून अधिक इतिहास मला येत नाही. पण जुन्या चामड्याविषयी काही वाचनात आलं की मी थांबतो. कारण तात्यांनी त्या दिवशी ज्या प्रश्नाचं उत्तर अंगठ्यानं दिलं, तोच प्रश्न जगभरचे पुरातत्त्वज्ञ आज विचारत आहेत. जमिनीतून निघालेला चामड्याचा हा तुकडा कुठल्या जनावराचा?

इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलँडमध्ये व्हिंडोलँडा नावाचं ठिकाण आहे. तिथे रोमन सैन्याचा तळ होता. इसवी सन ८५च्या सुमारास तो वसला, म्हणजे जवळच असलेली हेड्रियन बादशहाची प्रसिद्ध भिंत बांधायला घेण्याच्या जवळपास चाळीस वर्षं आधी. लाकडी किल्ला जुना झाला की सैनिक तो पाडत, त्यावर माती आणि गवताची ढेपळं पसरत आणि वर नवा बांधत. खालच्या थरांत पाणी मुरलं आणि हवा पोचली नाही. हवा नसली की कुजवणारे जंतू वाढत नाहीत. त्यामुळे एरवी शंभर वर्षंही न टिकणाऱ्या वस्तू तिथे दोन हजार वर्षं टिकल्या. १९७३ साली रॉबिन बर्ली यांना तिथे लाकडाच्या पातळ पाट्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं सापडली आणि रोमन सैनिकांचा रोजचा संसार जगासमोर आला.

चामडं तर तिथे ढिगानं निघालं. नुसते बूट आणि चपलाच पाच हजारांच्या आसपास आहेत. २०१६ साली एकाच खंदकातून चारशेहून अधिक पादत्राणं निघाली. त्याशिवाय तंबूंचे तुकडे आहेत, घोड्याचं साज आहे, आणि कापून उरलेल्या कातरणीची तर गणतीच नाही. हे उत्खनन करणारी संस्था १९७०पासून काम करते आहे. खणणाऱ्यांत शिक्षक, निवृत्त कर्मचारी, विद्यार्थी अशी साधी माणसं असतात. आपापली रजा काढून, गुडघ्यापर्यंतच्या चिखलात उतरून ती दोन हजार वर्षांपूर्वीचा बूट बाहेर काढतात. म्हणजे या चामड्याला लोकांचा हात पहिल्या क्षणापासून लागलेला आहे.

बुटाचं कातडं गाईचं की बकरीचं, हे कळून काय मिळतं, असं कुणी विचारेल. पुष्कळ मिळतं. त्याच पत्रांमध्ये ऑक्टेव्हियस नावाच्या एका माणसाचं पत्र आहे. कॅटरॅक्टोनियम या गावी पडून असलेली कातडी आपल्याला मिळावीत, अशी व्यवस्था करायला तो मित्राला सांगतो. मी स्वतःच जाऊन ती आणली असती, पण रस्ते खराब आहेत आणि जनावरांना इजा होईल, असंही तो लिहितो. खराब रस्त्यापायी जनावरांचे हाल नकोत म्हणणारा हा माणूस मला आपल्याकडच्या कुठल्याही बाजारगावात भेटला असता. पण ती कातडी कुठल्या जनावरांची होती? त्या परिसरात कोणते कळप होते? सैन्याला लागणारा माल जवळचे धनगर पुरवत होते की तो लांबून येत होता? पत्र तिथे थांबतं. पुढचं चामड्यालाच विचारावं लागतं.

रोमन तंबू प्रामुख्यानं बकरीच्या कातड्याचे असत, वासराचं कातडंही काही ठिकाणी वापरलं जाई. आठ जणांच्या एका तंबूला कितीतरी बकऱ्या लागत. एका पलटणीचे तंबू म्हणजे एक मोठा कळप. बुटाचा तळ सामान्यतः गाईबैलाच्या जाड कातड्याचा असे. कॅरल व्हॅन ड्रील-मरे या विदुषींनी रोमन चामड्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. बुटांची मापं पाहून त्यांनी दाखवून दिलं की सैनिकांच्या बराकींतसुद्धा बायका आणि मुलं राहत होती. पुस्तकात फक्त सैनिक होते, चामड्यात कुटुंबं निघाली. जे मापाचं, तेच जनावराचं. कोणतं कातडं कुणाच्या पायात होतं, यावरून कुणाची ऐपत काय होती, हेही कळू लागतं.

आता हे ओळखायचं कसं? आपल्या हाताच्या पाठीकडे निरखून पाहिलंत तर केस जिथून उगवतो ती बारीक छिद्रं दिसतील. जनावराच्या कातड्यालाही तशीच छिद्रं असतात. कातडं चुन्यात भिजवून केस काढले, साल-हिरड्यात मुरवून ते कमावलं, तरी ही छिद्रं मागे राहतात. त्यांची मांडणी दर जनावरात वेगळी असते. गाईबैलाच्या कातड्यावर छिद्रं साधारण एकाच आकाराची आणि सारख्या अंतरावर विखुरलेली असतात. बकरीच्या कातड्यावर दोन प्रकारची छिद्रं असतात, मोठ्यांची रांग आणि तिच्यालगत बारीक छिद्रं. मेंढीच्या अंगावर लोकर, म्हणून तिची छिद्रं बारीक आणि झुबक्याझुबक्यांनी येतात. डुकराच्या कातड्यावर तीन-तीन छिद्रांचा त्रिकोण दिसतो आणि ती कातड्याच्या आरपार गेलेली असतात. तात्या मला दाखवत होते त्या 'रांगा' म्हणजे हेच.

ऐकताना हे सोपं वाटतं. पण एकाच जनावराच्या पाठीचं आणि पोटाचं कातडं वेगळं दिसतं. मोच्यानं साच्यावर ताणलं की छिद्रांच्या रांगा वाकड्या होतात. लहान वासराची छिद्रं दाट असतात, त्यामुळे ते बकरीसारखं भासू शकतं. बूट वर्षभर घातला की वरचा पापुद्रा घासून जातो. मग शतकानुशतकं चिखल, आणि शेवटी संग्रहालयात ते टिकावं म्हणून त्यात भरलेलं मेण. अनेक तुकड्यांपैकी एखाद्यावरच कुठेतरी बोटाच्या पेराएवढी जागा शाबूत राहिलेली असते. ती शोधायची, भिंगाखाली धरायची आणि डोळे ताणून पाहत बसायचं. तुकडे हजारो आणि हे जाणणारी माणसं जगात मोजकी. संग्रहालयांच्या खोक्यांवर 'चामडे, प्राणी अज्ञात' अशा चिठ्ठ्या लागतात आणि वर्षानुवर्षं तशाच राहतात.

इथे लोकांची मदत घेण्याची कल्पना येते. ती अगदी नवी नाही. २००७ साली खगोलशास्त्रज्ञांनी आकाशगंगांची लाखो छायाचित्रं सर्वांसाठी खुली केली आणि विचारलं, ही चक्राकार दिसते की अंडाकृती? 'गॅलेक्सी झू' नावाच्या त्या उपक्रमात लाखाहून अधिक माणसांनी भाग घेतला. पुढे २०१४मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन यांनी 'मायक्रोपास्ट्स' नावाचा उपक्रम सुरू केला. ब्राँझयुगातल्या वस्तूंच्या जुन्या हस्तलिखित नोंदपत्रिका लोकांनी घरबसल्या वाचून उतरवून दिल्या. पुरातन चामड्यासाठीही हीच वाट आहे. भिंगातून घेतलेली छायाचित्रं लोकांसमोर ठेवायची, शेजारी आज माहीत असलेल्या बकरी-मेंढी-गाईच्या कातड्यांचे नमुने द्यायचे आणि विचारायचं, हे कशासारखं दिसतं?

यात एक शहाणपण आहे. एकाच चित्राला एकाच माणसाचं उत्तर धरत नाहीत. तेच चित्र अनेकांना दाखवतात. वीसपैकी अठरा जण 'बकरी' म्हणाले तर बकरीच्या बाजूनं वजन पडतं. दहा 'बकरी' आणि दहा 'मेंढी' म्हणाले, तर तेही उपयोगाचंच असतं, कारण हा तुकडा अवघड आहे आणि तज्ज्ञानं इथेच वेळ द्यावा, एवढं तरी कळतं. मतभेदाला इथे किंमत आहे. आणि मला वाटतं, असल्या कामात सर्वांत मोलाचा डोळा पदवीधराचा नसेल. तो खोगीर शिवणाऱ्याचा, पुस्तकबांधणी करणाऱ्याचा, ढोर-चांभाराचा असेल. ज्यांच्या ज्ञानाला आपण कधी ज्ञान म्हटलं नाही, त्यांच्याकडे विद्यापीठाला जावं लागेल.

पण डोळा चुकतो, हेही मान्य केलं पाहिजे. म्हणून दुसरी साक्ष लागते. कातडं मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं. हे प्रथिन सगळ्या सस्तन प्राण्यांत जवळजवळ सारखं, पण पूर्ण सारखं नाही. पाचकरसासारख्या एका द्रव्यानं त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे अतिसूक्ष्म यंत्रावर तोलतात. मेंढी आणि बकरी इतक्या जवळच्या की त्यांची हाडंसुद्धा तज्ज्ञांना फसवतात, पण या प्रथिनाच्या एका तुकड्याचं वजन दोघींत वेगळं भरतं. त्यासाठी टाचणीच्या टोकाएवढा नमुना पुरतो.

यॉर्क विद्यापीठात सारा फिडिमेंट, मॅथ्यू कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर तेवढाही तुकडा न काढता काम केलं. जुन्या चर्मपत्रावर साधा खोडरबर हलकेच फिरवायचा. घर्षणानं वीज निर्माण होते आणि खोडरबराच्या चुऱ्याला प्रथिनाचे कण चिकटून येतात. तो चुरा तपासायचा. तेराव्या शतकात युरोपात खिशात मावतील अशी बायबलं तयार झाली. त्यांची पानं इतकी तलम की ती गर्भातल्या कोकरा-वासरांच्या किंवा सशाच्या कातड्याची असावीत, असं म्हटलं जाई. २०१५मध्ये या मंडळींचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सशाचा पत्ता नव्हता. वासरू, बकरी आणि मेंढी, त्या त्या भागात जे मिळेल ते. तो तलमपणा कुठल्या दुर्मीळ जनावरानं दिलेला नव्हता, तर कातडं घासणाऱ्या माणसाच्या हातानं. त्या हातांचं श्रेय एका काल्पनिक सशाला जात होतं!

अशी कितीतरी उदाहरणं आहेत. डेन्मार्कच्या दलदलीत सापडलेल्या चामडी वस्त्रांची तपासणी २०१४मध्ये प्रसिद्ध झाली. डीएनए हाती लागला नाही, पण प्रथिनं बोलली. गाय, मेंढी, बकरी. एका ठिकाणी तर रक्तातल्या प्रथिनावरून ते वासरू अगदी कोवळं होतं, हेही कळलं. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात दोन गिर्यारोहकांना पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, त्याला ओट्झी म्हणतात. २०१६मध्ये त्याच्या कपड्यांचा डीएनए तपासला गेला. कोट बकरी आणि मेंढीच्या निदान चार कातड्यांचा जोडून केलेला, टोपी अस्वलाची, बाणांचा भाता छोट्या हरणाचा, बुटाची नाडी गाईची. एकाच माणसाच्या अंगावर अख्खं रान आणि अख्खा गोठा होता.

हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन पुस्तकांची गोष्ट तर विसरता येत नाही. एका जुन्या स्पॅनिश कायदेग्रंथात नोंद होती की याची बांधणी एका माणसाच्या कातड्याची आहे. लोक अंगावर काटा आणून ते पुस्तक पाहत. २०१४ साली तपासणी झाली आणि ते निघालं मेंढीचं. त्याच वर्षी तिथल्याच दुसऱ्या, फ्रेंच पुस्तकाची तपासणी झाली. ते मात्र खरोखर माणसाचं निघालं. एका डॉक्टरनं मृत स्त्रीच्या कातड्यात ते बांधलं होतं, तिची संमती न घेता. २०२४मध्ये हार्वर्डनं ती बांधणी पुस्तकावरून उतरवली. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानं शक लोकांविषयी, म्हणजे सिथियनांविषयी, लिहून ठेवलं होतं की ते शत्रूच्या कातड्यानं आपले भाते मढवतात. अनेकांना ती कानगोष्ट वाटे. २०२३मध्ये दक्षिण युक्रेनमधल्या चौदा ठिकाणांवरचे पंचेचाळीस नमुने तपासले गेले. बहुतेक मेंढी, बकरी, गाय, घोडा. पण भात्यांचे दोन तुकडे माणसाचे.

चिठ्ठीवर काय लिहिलं आहे ते खरंही असतं आणि खोटंही असतं. चिठ्ठी वाचून ते ठरत नाही, कातडं पाहूनच ठरतं.

हे सगळं वाचताना एक गोष्ट मनातून जात नाही. 'हे कातडं कुणाचं?' हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जातो. रस्त्यात गाडी अडवून विचारला जातो. २०१६ साली गुजरातमध्ये उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना जाहीरपणे मारहाण झाली. पिढ्यान् पिढ्या गावानं ज्यांच्यावर हे काम लादलं, त्यांनाच ते काम केल्याबद्दल. प्रश्न तोच, शब्दही तेच. पण तिथे उत्तर आधी ठरलेलं असतं, आणि पाहायची कुणाची तयारी नसते. इकडे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका तुकड्यासाठी वीस अनोळखी माणसं डोळे ताणतात, एकमेकांशी असहमत होतात, 'मला खात्री नाही' असंही लिहितात आणि यंत्राची साक्ष निघेपर्यंत थांबतात. मेलेल्या बकरीला आपण जेवढा न्याय देऊ शकतो, तेवढा जिवंत माणसाला द्यायला काय हरकत आहे?

तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची मुलं त्या धंद्यात राहिली नाहीत, आणि ते बरंच झालं असं मी म्हणेन. त्या हौदांत कुणी पुन्हा उतरावं असं मला वाटत नाही. पण त्यांच्या अंगठ्यात जे होतं ते कुणी लिहून घेतलं नाही, ही खंत आहे. अशा उपक्रमांचं मोल मला म्हणूनच वाटतं. पाहण्याची ही विद्या कुणा एका जातीच्या माथी मारलेली राहत नाही, आणि कुणा एका तज्ज्ञाच्या कपाटातही बंद होत नाही. ज्याला बघायचं आहे त्याला ती शिकता येते.

अब्बा गेल्यावर ती पिशवी माझ्याकडे आली. मध्यंतरी एका रविवारी मी ती खिडकीत उन्हाला धरली आणि नातीच्या खेळण्यातलं भिंग तिच्यावर ठेवलं. बराच वेळ काही दिसेना. मग झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे हात लागत नाही अशा कोपऱ्यात, एक रांग दिसली. मोठी छिद्रं, आणि त्यांच्यालगत बारीक. मग दुसरी रांग. मग तिसरी.

बोकडाचीच आहे. आजोबांनी ती आयुष्यभर खांद्यावर वागवली, त्यात त्यांचा टाक होता, कागद होते, घरी आणलेले खडीसाखरेचे खडे होते. त्यातलं काही कमी झालं नाही. फक्त आता कुणी पाहुणा आला की मी हकिकत थोडी वेगळी सांगतो. राजेसाहेबांचं नाव येतं, आजोबांचं येतं, आणि शेवटी तात्यांचंही येतं.